खजूर, मिक्सर आणि चिकटलेले हात : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात न भाजता, न शिजवता करायच्या खजूर-बदामाच्या बारबद्दल, म्हणजे वड्यांबद्दल, लिहिलं आणि मला वाटलं दोनचार जणी करून बघतील आणि विषय संपेल, तर पत्रांचा ढीगच आला की. निम्म्या लोकांच्या बारचा भुगा झालाय, उरलेल्यांचा दगड झालाय आणि एका गृहस्थांनी तर मिक्सरच जाळलाय. ज्यांनी तो अंक बघितला नाही त्यांच्यासाठी माप परत सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बिया काढून मग वजन केलेला २०० ग्रॅम मऊ खजूर, १५० ग्रॅम बदाम, ५० ग्रॅम भोपळ्याच्या सोललेल्या बिया, चिमूटभर मीठ. बदाम आणि बिया आधी जाडसर फिरवून बाहेर काढायच्या, मग खजूर फिरवायचा, मग दोन्ही हाताने मळायचं, बटर पेपर घातलेल्या ट्रेमध्ये दाबून बसवायचं, दोन तास फ्रीज, आणि सुरीने १२ तुकडे. झालं. वरून साखर नाही, पाणी नाही, गॅस पेटवायचा नाही.

ताई, तुम्ही सांगितलं अगदी तस्संच केलं पण सुरी लावली की भुगा. शेवटी चमच्याने खाल्लं. माझं काय चुकलं? – भुगावाली

तुमचं काही चुकलं नाही हो, खजूर कोरडा निघाला. माझ्या मापात "मऊ खजूर" असं लिहिलंय आणि मऊ म्हणजे किती मऊ ते मी लिहिलं नाही, ही चूक माझी. खजूर दोन बोटांत दाबला की तो पसरला पाहिजे आणि बोटाला चिकटला पाहिजे, नुसता वाकला आणि परत सरळ झाला तर तो कोरडाच समजायचा. असा कोरडा खजूर असेल तर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, निथळा, आणि मग कोरड्या फडक्यात घेऊन एकेक पुसा, हे पुसणं लोक टाळतात आणि मग गोळा चिखलासारखा होतो आणि पुन्हा मलाच पत्र येतं.

दुसरं म्हणजे ट्रेमध्ये घालायच्या आधी मूठभर मिश्रण घेऊन घट्ट आवळायचं आणि मूठ उघडायची. गोळ्यावर बोटांचे ठसे नीट उमटलेले दिसले आणि हाताला तेलाची किंचित चकाकी आली की जमलं. कडा तडकल्या तर अजून दोनतीन खजूर किंवा एक चमचा बदामाचं बटर (बदाम वाटून केलेली पेस्ट) घाला, परत मळा. पाणी मात्र घालायचं नाही, एक चमचासुद्धा नाही, का ते खाली येतंय. आणि दाबताना नुसत्या तळव्याने थापटून भागत नाही, वरून दुसरा बटर पेपर टाका आणि सपाट बुडाच्या वाटीने अंगातलं सगळं वजन टाकून दाबा, कोपऱ्यांत विशेष, कारण भुगा नेहमी कोपऱ्यापासून सुरू होतो.

जो भुगा झालाय तो दह्यावर टाकून खा, मस्त लागतो.

मॅडम, आपल्या कृतीमुळे माझा मिक्सर गेला. आधी वास आला, मग धूर आला, मग बायको आली. – एक भुक्तभोगी

काका, धुराचं वाईट वाटलं पण तिसऱ्या वाक्याला मी हसले, माफ करा. तुम्ही पुढे लिहिलंय की सगळं साहित्य एकदम भांड्यात घातलं आणि "एकजीव होईपर्यंत" फिरवलं. तिथेच झालं. खजूर पात्याखाली जाऊन बसतो, त्याचा एक चिकट गोळा होतो, पातं त्यात अडकतं पण मोटर जोर लावतच राहते आणि तो सगळा जोर उष्णता होऊन बाहेर पडतो. म्हणून थोडा थोडा खजूर घ्यायचा, बटण दाबायचं सोडायचं दाबायचं सोडायचं, आठदहा वेळा, मध्ये झाकण उघडून कडेचं खाली ढकलायचं (प्लग काढून, बरं का), आणि भांडं हाताला गरम लागलं की पाच मिनिटं आपण पाणी प्यायचं आणि मिक्सरलाही श्वास घेऊ द्यायचा. एकजीव करायचं काम हाताचं आहे, मिक्सरचं नाही.

आणि प्रत्येक खजूर फाडून आत बघा. "बिनबियांचा" असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी बघा. एक बी राहिली की पात्याची धार गेली, आणि पुढे ती कोणाच्या दाढेखाली आली तर दाढही जाते.

मिक्सर नसेल तर सुरीने खजूर अगदी बारीक चिरा, नट्स पिशवीत घालून लाटण्याने कुटा, बार जरा खडबडीत होतो पण होतो. मला तर तोच जास्त आवडतो.

यात साखर अजिबात नाही ना? माझी बहीण म्हणते शुगर फ्री आहे म्हणून ती दिवसाला चार खाते. वजन मात्र वाढतंय. – धाकटी

धाकटे, बहिणीला हे वाचून दाखव. वरून साखर घातली नाही आणि साखर नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खजुराच्या वजनातली साधारण ६५ टक्के साखरच असते. आता मापावरून हिशोबच करूया, मला हिशोब आवडतो. २०० ग्रॅम खजुरात १३० ग्रॅमच्या आसपास साखर, तिचे १२ भाग केले की एका बारमध्ये अकरा ग्रॅम, म्हणजे पावणेतीन चमचे धर. कॅलरीचं बघ, खजुराच्या साधारण ५६०, बदामाच्या ८७०, बियांच्या २८०, बेरीज १,७१०, भागिले १२, एक बार १४० च्या वर. बार केवढा, तर दोन बोटांएवढा, ३३ ग्रॅमचा. चार खाल्ले की ५७० कॅलरी, म्हणजे ते एक जेवणच झालं की, फक्त ते जेवण आहे असं पोटाला किंवा बहिणीला वाटत नाही.

आता बारची बाजूही मांडते. त्याच एका बारमध्ये चार ग्रॅम प्रोटीन आहे, तीन ग्रॅम फायबर आहे, आणि चावायला वेळ लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात मर्यादा घातलीय ती मोकळ्या साखरेवर, म्हणजे वरून घातलेली साखर, मध, सिरप, फळांचा रस असल्या साखरेवर. दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, जमल्यास पाचच्या आत, असं ते म्हणतात. अख्ख्या फळातली साखर त्यात धरत नाहीत, कारण ती फळाच्या पेशींत बंद असते. पण आपण खजूर मिक्सरमधून काढतो तेव्हा त्या पेशी फोडतोच ना? ब्रिटनमध्ये तर फळाची प्युरी किंवा पेस्ट केली की तिची साखर मोकळ्या साखरेतच मोजतात. त्यामुळे खजुराचा बार म्हणजे फळ खाल्लं असं मी तरी मानत नाही, मी त्याला बरा खाऊ म्हणते. आणि बऱ्या खाऊचा एक तुकडा पुरतो. १२ ऐवजी १६ तुकडे कापून बघ, कोणाच्या लक्षातही येत नाही, मी घरी करून बघितलंय.

खजूर चिकट आहे, दातांच्या फटीत बसतो, तेव्हा बार खाल्ल्यावर पाण्याने चूळ भरायला सांग तिला.

मधाचं माप सांगा, खजुराऐवजी मध चालेल का?

चिकटायला चालेल पण मध हा वर सांगितलेल्या मोकळ्या साखरेतलाच, "नैसर्गिक" लिहिलं म्हणून तो वेगळा होत नाही. शिवाय नुसत्या मधावर बार फ्रीजबाहेर ढिला पडतो. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवायचं नाही, मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांचं पोट त्यांना दाद देत नाही पण बाळाच्या आतड्यात ते रुजतात.

माझे बार चौथ्या दिवशी पांढरे पडले. ते बदामाचं तेल वर आलंय की बुरशी? टाकवत नाहीये. – काटकसरी

टाका. पांढरं आणि केसाळ दिसतंय असं तुम्हीच पुढे लिहिलंय, तेल केसाळ नसतं. आणि तेवढा भाग कापून बाकीचा खाऊ असंही नको, बुरशीचे धागे दिसतात त्याच्या कितीतरी खोल गेलेले असतात.

तुम्ही माझ्या मापात एक पिकलेलं केळं "बाइंडिंगसाठी" घातलंत. मीही घातलं होतं एकदा. फार वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, मोठ्या हौसेने केळं आणि बेरीची फळं घालून बार केले, सुंदर दिसत होते, प्रवासाच्या बॅगेत डबा टाकला आणि तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आधी वास आला, दारूच्या गुत्त्यासारखा, बार फुगलेले, वर हिरवा गालिचा. डबा तिथेच टाकून आले, झाकणासकट.

तर पाण्याची गोष्ट अशी आहे. जंतूंना आणि बुरशीला नुसतं पाणी नाही, मोकळं पाणी लागतं. खजुरात पाणी असतंच, पण त्यातली साखर ते पाणी घट्ट धरून बसते, जंतूंच्या हाती लागू देत नाही. खाद्यपदार्थांतलं हे मोकळं पाणी शून्य ते एक अशा आकड्यात मोजतात, शुद्ध पाण्याचा आकडा १. ०.८५ च्या खाली आजार करणारे बहुतेक जंतू वाढत नाहीत आणि ०.६ च्या खाली बुरशीसकट काहीच वाढत नाही. मऊ पण वरून ओला नसलेला खजूर, सुके नट्स, सुक्या बिया असं सगळं घेतलं की आपण बऱ्यापैकी खाली असतो. त्यात केळं आलं, जे तीन चतुर्थांश पाणीच असतं, की आकडा वर सरकला. म्हणून मी मघाशी एक चमचाही पाणी नको म्हटलं, म्हणून खजूर पुसायचा, म्हणून हात आणि ट्रे कोरडे हवेत.

सुक्या साहित्याचा बार हवाबंद डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, फ्रीजमध्ये दोन आठवडे सहज राहतो, फ्रीझरमध्ये तीन महिने. फ्रीझरमधून काढलेला बार डब्यातच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, उघडा ठेवलात तर गार बारवर हवेतलं पाणी जमतं, म्हणजे आलं पाणी परत मागच्या दाराने. ताजं फळ घातलेला बार मात्र फक्त फ्रीजमध्ये आणि तीन दिवसांत संपवायचा. डब्यावर तारीख लिहा हो, मी लिहीत नव्हते आणि मग घरात "हे कधीचं?" यावर चर्चासत्र व्हायचं.

ओट्स, काजू, बदाम सगळं कच्चंच घेते कारण मी पूर्ण रॉ डाएटवर आहे. बरोबर ना?

रॉ म्हणवणारे लोक साधारण ४० ते ४८ अंशांपर्यंत तापलेलं चालवून घेतात, त्या हिशोबाने तुमच्या यादीतलं बरंच बाद होईल. पट्टीचे ओट्स, म्हणजे ते चपटे, कारखान्यात वाफवूनच दाबलेले असतात, वाफवले नाहीत तर त्यांच्यातलं तेल लवकर खवट होतं. काजूचं तर कच्चं असं काही मिळतच नाही म्हटलं तरी चालेल, त्याच्या कवचात कातडी भाजून काढणारं तेल असतं आणि ते कवच फोडायच्या आधी काजू वाफवतात किंवा भाजतात. "रॉ काजू" म्हणजे फक्त नंतर पुन्हा न भाजलेला. आणि अमेरिका-कॅनडात २००१ च्या सुमारास आणि नंतर २००३-०४ मध्ये कच्च्या बदामांतून साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूची लागण झाली, त्यानंतर अमेरिकेत नियम आला, २००७ पासून कॅलिफोर्नियाचे तिथे विकले जाणारे जवळजवळ सगळे बदाम पाश्चराइज केलेले असतात, पाकिटावर रॉ लिहिलेलं असलं तरी.

मला विचाराल तर यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. साल्मोनेला कोरड्या पदार्थात वाढत नाही पण मरतही नाही, महिनोन्‌महिने तग धरून बसते. घरात गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर मी सरळ नट्स ओव्हनमध्ये भाजूनच घेते. बार रॉ राहत नाही, चव मात्र वाढते. (ही ओळ वाचून रॉवाले मला पत्र लिहिणार, लिहा.)

घट्टपणा यावा म्हणून दोन चमचे गव्हाचं पीठ घातलं तर?

नको. कच्चं पीठ कच्चं खायचं नसतं, धान्य शेतातून येतं आणि दळताना त्यातले जंतू मरत नाहीत, ई. कोलाय आणि साल्मोनेला दोन्ही कच्च्या पिठात सापडलेत. घट्टपणाच हवा तर ओट्स मिक्सरमधून काढून त्याची भरड घाला.

बदाम रात्रभर भिजवून घालू का? भिजवल्याने त्यातलं फायटिक ॲसिड (लोह-झिंक अंगी लागू न देणारं) निघून जातं असं ऐकलंय.

अख्ख्या बदामाच्या बाबतीत भिजवण्याने त्यात फार फरक पडत नाही, साल निघायला सोपी जाते आणि चावायला मऊ लागतात एवढंच. बारमध्ये भिजवलेला बदाम म्हणजे परत पाणी. भिजवलेले तसेच सकाळी खा, बारला कोरडे ठेवा. कडू लागलेला बदाम मात्र थुंकून टाका, पूर्ण कडू जातीच्या बदामात अमिग्डालिन असतं आणि त्यातून पोटात सायनाइड तयार होतं, जर्दाळूच्या बियांच्या आतल्या कडू गरातही तेच.

मुलीच्या शाळेत नट्स आणायला बंदी आहे, वर्गात एकाला ॲलर्जी आहे. त्याच्या जागी काय घालू? आणि धाकटा तीन वर्षांचा आहे, तोही मागतो. – दोघांची आई

आधी धाकट्याचं. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना अख्खे नट्स द्यायचे नाहीत, मोठे तुकडेही नाहीत, घशात अडकतात. त्याच्या वाटणीचं मिश्रण अगदी बारीक करा, पातळ थापा, बोटभर पट्टी द्या, आणि खाताना तो बसलेला असू दे, पळत पळत नाही.

मुलीच्या डब्यासाठी बदामाच्या जागी तेवढ्याच वजनाच्या सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया, निम्म्या निम्म्या. तेल कमी सुटतं म्हणून खजूर २०-३० ग्रॅम वाढवा. पण थांबा, शाळेला आधी विचारा की बंदी नक्की कशाची आहे, कारण तीळसुद्धा ॲलर्जीच्या मोठ्या यादीत आहेत, अमेरिकेने तर २०२३ पासून पाकिटावर तीळ लिहिणं सक्तीचं केलंय. शेंगदाणा खरं तर नट नाही, शेंग आहे, पण ॲलर्जीच्या बाबतीत हे शास्त्र सांगत बसू नका, तोही नको. ज्याला काजू चालत नाही त्याला बऱ्याचदा पिस्ताही चालत नाही, अक्रोड आणि पेकान (अक्रोडासारखाच एक नट) यांचंही तसंच नातं आहे.

आणि खरी अडचण आहे ती मिक्सरच्या भांड्याची. पात्याखालच्या रबरी रिंगमध्ये मागच्या वेळच्या बदामाची पूड बसलेली असते, रिंग काढून बघा एकदा, मी काढली तेव्हा मला लाजच वाटली. ती काढून साबणाने धुवायची, ट्रे आणि सुरीसुद्धा. बियांच्या पाकिटावर "नट्सचे अंश असू शकतात" असं लिहिलंय का तेही वाचा. गंभीर ॲलर्जी असलेल्या मुलाला श्वास कोंडायला कणभर पुरतं, त्यामुळे इतकं सगळं जमणार नसेल तर त्या दिवशी डब्यात सफरचंद द्या, मुलीची नाराजी परवडली.

बाबांना डायबेटिस आहे. हे बार नैसर्गिक आहेत तर त्यांना चालतील ना? शुगर लो झाली की खिशात एक असलेला बरा म्हणून मी त्यांना दिलेत. – काळजीत

यातला दुसरा भाग आधी, कारण तो तातडीचा आहे. शुगर खाली गेली असताना हा बार उपयोगाचा नाही. त्यातलं बदामाचं फॅट आणि फायबर साखर रक्तात पोचायला उशीर करतात, एरवी तो गुण आहे, पण अशा वेळी तोच आड येतो. तेव्हा पटकन चढणारी साधारण १५ ग्रॅम साखर लागते, ग्लुकोजच्या गोळ्या किंवा अर्धा कप फळांचा रस, आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं. खिशात ते ठेवा. आज बदला.

एरवी खाऊ म्हणून अर्धा बार चालेल का, तर त्यांची औषधं, इन्सुलिन आणि आकडे मला माहीत नाहीत, ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, आणि विचारताना "नैसर्गिक बार" असं नका सांगू, "एका बारमध्ये साधारण १५ ग्रॅम कार्बोहायड्रेट, त्यातली ११ ग्रॅम साखर" असं सांगा म्हणजे त्यांना उत्तर देता येईल. किडनीचाही त्रास असेल तर खजुरात पोटॅशियम भरपूर असतं हेही सांगा. किडनीचा त्रास नसेल तर तोवर मूठभर नुसते बदाम बरे.

प्रोटीन पावडर चार स्कूप घातली. पहिल्या दिवशी झकास. तिसऱ्या दिवशी बारने खिळा ठोकता आला असता. – जिमवाला

पावडर ओल शोषत राहते रे भाऊ, तुझा बार डब्यात बसल्या बसल्या वाळत होता. एवढ्या मापाला एकच स्कूप, आणि त्याच्या जोडीला दोन चमचे नट बटर. नाहीतर भोपळ्याच्या बिया वाढव, १०० ग्रॅमला ३० ग्रॅम प्रोटीन आहे त्यांच्यात, कुठल्या डब्याची गरज नाही.

लांब सायकलिंगला जातो, तीनचार तास. खिशात बार नेतो पण वरचं चॉकलेट वितळून सगळं जर्सीला लागतं. शिवाय बार खाल्ल्यावर पोट जड वाटतं.

चॉकलेट म्हणजे तुम्ही खोबरेल तेलात कोको पावडर कालवून लावलंय, बरोबर? खोबरेल तेल २४ अंशांच्या आसपास वितळतं आणि तुमच्या पाठीवरचा खिसा त्याहून किती गरम असतो ते तुम्हाला माहीतच आहे. कोको बटर ३४ च्या आसपास वितळतं, ते जरा जास्त तग धरेल, पण खिशातल्या बारला लेप नकोच, कोको आत मळून टाका.

पोट जड होतं कारण माझं माप बसून खाणाऱ्यांसाठी आहे. तासाभराच्या वरच्या मेहनतीला तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट घ्यायला सांगतात आणि माझ्या बारमधून मिळणार १५, बाकी बरंचसं फॅट. तुम्ही खजूर २५०, ओट्सची भरड १००, बदाम फक्त ५० ग्रॅम घ्या, मीठ जरा सढळ हाताने, आणि दहाच तुकडे करा. एका तुकड्यात २६ ग्रॅमच्या आसपास पडेल. मोठा घास न घेता दर वीस मिनिटांनी थोडा थोडा, आणि बरोबर पाणी. कागदात गुंडाळताना एक टोक मोकळं सोडा, एका हाताने सोलता आलं पाहिजे. घरी टीव्हीसमोर मात्र हे माप करू नका, त्याचा हिशोब वर धाकटीला सांगितलाय.

जवस अख्खा घातला तर? आणि चिया?

अख्खा जवस बराचसा जसा गेला तसाच बाहेर येतो, भरड करून घाला आणि आयत्या वेळीच करा, दळून ठेवलेला लवकर खवट होतो. चिया स्वतःच्या वजनाच्या दहापट पाणी पितो, दोन चमच्यांच्या वर गेलात तर बार कोरडा पडेल. खाल्ल्यावर पाणी प्या.

अक्रोडाचे बार केले, चवीला कडवट आणि वास जुन्या रंगाच्या डब्यासारखा. असाच असतो का?

नाही, अक्रोड खवट निघाले. अक्रोडातलं तेल फार नाजूक, हवा उजेड आणि ऊब तिन्ही त्याला सोसत नाही. सोललेले अक्रोड आणले की थेट फ्रीजमध्ये, आणि बार करायच्या आधी एक चावून बघायचा, एकच, पण बघायचा, कारण २०० ग्रॅम खजूर एका खवट मुठीने वाया जातो आणि मग मध, कोको, व्हॅनिला काहीही घाला तो वास जात नाही. काळपट किंवा बुरसट दिसणारा कुठलाही नट वेगळा काढून फेका, काही बुरशी जे विष सोडतात ते भाजूनही जात नाही.

जर्दाळू कुठला घ्यावा, केशरी की तो काळपट?

तुम्हाला दम्याचा त्रास असेल तर काळपट. केशरी रंग टिकतो तो सल्फर डायऑक्साइडमुळे, आणि काही दमेकऱ्यांना त्याने त्रास होतो. बाकीच्यांनी आवडीप्रमाणे, मला काळपटाची चव जास्त आवडते, टॉफीसारखी लागते.

सगळं जमलं हो, फक्त कापताना सुरीला चिकटतं आणि बार वेडेवाकडे होतात.

ट्रे दोनऐवजी तीन तास फ्रीजमध्ये ठेवा. सुरी लांब पात्याची घ्या, गरम पाण्यात बुडवा, कोरडी पुसा, आणि करवतीसारखी न चालवता वरून सरळ दाबा. दर तीन कापांनी परत बुडवा, परत पुसा. कडेचे वेडेवाकडे तुकडे डब्यात भरायचे नसतात, ते कापणारीचे.